सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा विकत घेतला तर खरोखर खेळता येतो का? घेताना काय पाहावं?

गंजिफा म्हणजे हातानं रंगवलेल्या गोल पत्त्यांचा खेळ. तो खेळता येतो, आणि खेळायलाच घ्यावा. पण आधी पानं मोजा. दशावतारी संचात १२० पानं लागतात: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. नवग्रहांचा संच १०८ पानांचा असतो, तो वेगळा. नुसती दहा अवतारांची चित्रं चौकटीत किंवा पेल्याखाली ठेवायला विकतात, त्यांवर डाव होत नाही.

मग सगळी पानं पालथी घालून उजेडात पाहा. पानं हातानं रंगवलेली, त्यामुळे पाठीवर कुठे लाखेचा थेंब किंवा कुंचल्याची रेघ राहिली, तर ते पान दोन डावांत सगळ्यांना ओळखू येतं. माझ्या मते दरबारी नक्षीपेक्षा ही तपासणी महत्त्वाची. पुढच्या बाजूला अठ्ठी, नव्वी आणि दश्शी नीट बघा. एवढ्याशा गोलात दहा मासे दाटीनं काढले, तर हातातल्या पंख्यात नव्वी-दश्शीचा घोळ हमखास होतो. जुनी पानं कापडाच्या थरांना चिंचोक्याची खळ लावून करत, आता बहुतेक पुठ्ठ्यावर होतात. पुठ्ठ्याची कड सुटलेली असेल तर कोकणातल्या पावसाळ्यात ती फुगते.

खेळ तिघांचा, प्रत्येकाला ४० पानं. गोल पानं नेहमीच्या पत्त्यांसारखी पिसता येत नाहीत. चादरीवर पालथी पसरून दोन्ही हातांनी कालवायची. राजा सर्वांत वरचा, मग प्रधान. त्याखाली पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान, उरलेल्या पाचांत बरोबर उलटं. मत्स्य ते वामन एका गटात, परशुराम ते कल्की दुसऱ्यात. कोणता गट सुलटा, कोणता उलटा, हे पानं वाटण्याआधी ठरवून कागदावर लिहून समोर ठेवा. नवख्यांची भांडणं इथेच होतात.

दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा, रात्री ज्याच्याकडे कृष्णाचा, त्याची पहिली उतारी. राजासोबत तो त्याच रंगाचं एक हलकं पान टाकतो, बाकीचे दोघे दोन-दोन पानं देतात. इथे कुठलाच रंग बाकीच्यांना मारत नाही. त्या घडीला एखाद्या रंगात जे सर्वांत मोठं पान शिल्लक असेल, तो त्या रंगाचा हुकूम. म्हणून राजा आणि प्रधान पडून गेले की रामाची दश्शी किंवा एक्काच हात करून जातो, आणि कोणतं पान गेलं हे ज्याच्या लक्षात राहतं तो जिंकतो.