मशीन साडेसहा किलोचं, पण दोरी किती फुटांची?

घर सांभाळताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. मी बदलापूरला राहते, नोकरी दादरला. घरात आम्ही सहा जण. सासू-सासरे, आम्ही दोघं, मुलगी आठवीत आणि मुलगा तिसरीत. सकाळी सातच्या आत घर सोडते, परत यायला साडेसात होतात. भांड्यांना बाई येते, धुण्याला नाही. मशीन आहे, वरून कपडे टाकायचं, साडेसहा किलोचं. रोज जमत नाही म्हणून आठवड्याचं धुणं रविवारी काढते. सकाळी सुरू केलेलं दुपारी दोनपर्यंत चालतं. गॅलरीत वर-खाली होणाऱ्या पाच फुटी सहा दांड्या आहेत, त्या दुसऱ्या मशीनलाच भरतात. मग दारं, खुर्च्या, खिडकीचे गज. पावसाळ्यात तर घरभर ओले कपडे आणि कुबट वास. वाळलेल्यांचा ढीग पलंगावर गुरुवारपर्यंत तसाच असतो. मुलांचे गणवेश बुधवारीच संपतात. सासूबाईंना शिळं धुणं साठवलेलं आवडत नाही. त्या बोलत काही नाहीत, पण गुडघे दुखत असताना स्वतःचं आणि बाबांचं धुणं मोरीत बसून धुतात. ते बघून मला बोलण्यापेक्षा जास्त लागतं. कपडे वाळवायचं मशीन घेऊन टाकू का?
— एक वाचक, बदलापूर

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बत्तीस वर्षं मीही लोकलनं बँकेत गेले, त्यामुळे ती सकाळ आणि ती संध्याकाळ मला ठाऊक आहे.

आधी हिशोब मांडू या. एकदा मी घरातले कपडे स्वयंपाकघरातल्या काट्यावर घातले होते. जीन्स साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास, टर्किश टॉवेल साडेचारशे, शर्ट दोनशे. सासू-सासऱ्यांचे सोडले तर तुम्हा चौघांचे रोज पंचवीस-तीस नग निघत असणार. म्हणजे साडेतीन-चार किलो. आठवड्याचे झाले पंचवीस-अठ्ठावीस किलो, वर टॉवेल आणि चादरी. त्याला पाच मशीन लागणारच. पण तुम्ही अडता ती मशीनपाशी नाही. सहा दांड्या गुणिले पाच फूट म्हणजे तीस फूट. शर्ट पसरून घातला की दोन फूट जागा खातो. लहानसहान कपडे धरूनही त्या दांड्यांवर एका मशीनचं धुणं जेमतेम मावतं. रविवारी तुम्ही दीडशे फुटांचं धुणं तीस फुटांवर वाळवायला बघता, ते कसं व्हावं? मशीन दहा किलोचं घेतलंत तरी दोरी तेवढीच राहणार.

म्हणून रविवारचं धुणं बंद करा. माझ्या सांगण्यातलं एवढं एकच ऐकलंत तरी चालेल. धुणं रोज, एकच मशीन, रात्री. जेवायला बसताना सुरू करायचं, जेवण आणि ओटा आवरून होईतो ते थांबतं. बाहेर काढून झटकून वाळत घातलं की पंधरा मिनिटांचं काम. सकाळी निघण्याआधी अर्धं वाळलेलं असतं, संध्याकाळी तुम्ही येईपर्यंत पूर्ण. दांड्या रिकाम्या झाल्या की पुढचं. रविवारी फक्त चादरी, अभ्रे आणि पायपुसणी.

शर्ट, गणवेश, कुर्ते दांडीवर पसरू नका, हँगरवर घाला आणि हँगर दांडीला अडकवा. पसरलेला शर्ट दोन फूट घेतो, टांगलेला चार बोटं. चार बोटं अंतर मात्र ठेवाच, एकमेकांना चिकटलेले कपडे वाळत नाहीत. वाळला की तो हँगर तसाच कपाटात. घडी नाही, पलंगावरचा ढीग नाही आणि निम्मी इस्त्रीसुद्धा वाचते. हँगर प्लॅस्टिकचे घ्या, लोखंडी तारेच्या हँगरनं ओल्या कपड्याला गंज लागतो आणि तो डाग सहजी जात नाही.

आता पलंगावरचा ढीग. आपण सगळं वाळलेलं एकत्र आणून टाकतो आणि मग एकीनं बसून निवडायचं, घड्या घालायच्या आणि सहा ठिकाणी नेऊन ठेवायचं. हे तिसरं काम पहिल्या दोन्हींपेक्षा वेळखाऊ, आणि त्याला मशीन नाही. माझ्याकडे प्रत्येकाची एक टोपली होती, साधी प्लॅस्टिकची. दोरीवरून काढतानाच ज्याचं त्याच्या टोपलीत. घडी घालायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. आतले कपडे आणि पायमोजे यांच्या घड्या घालण्यात मी आयुष्यातला एक तासही घालवला नाही. तिसरीतला मुलगा स्वतःची टोपली स्वतःच्या कप्प्यात रिकामी करू शकतो. वाकडीतिकडी करेल, करू द्या.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला बोचली, ती सांगते. घरात सहा माणसं आहेत. धुणं करणारी दोन, दोन्ही बायका, त्यातल्या एकीचे गुडघे दुखतात. यजमानांचा उल्लेख 'आम्ही दोघं' एवढाच आहे. त्यांना दोष देत नाही मी. त्यांना कुणी काम नेमून दिलेलं नसेल, म्हणून आता नेमून द्या. 'जरा मदत करा' असं म्हणू नका. मदत मागितली की काम तुमचंच राहतं, आणि आठवण करायची तीही तुम्हीच. 'रात्रीचं मशीन लावायचं आणि वाळत घालायचं तुमचं, संध्याकाळी दांड्यांवरून काढायचं मुलीचं' असं ठरवून, स्पष्ट सांगा. मुलगी तेरा वर्षांची आहे, तिला दहा मिनिटं पुरतात. पण हे केवळ मुलीलाच नको. धाकटा पाचवीत गेला की त्याच्याकडेही एक काम आलं पाहिजे.

आमच्याकडे हे कसं ठरलं ते लिहिते. माझा मुलगा चौथीत होता, जूनची अखेर, पाऊस लागून राहिलेला. मला उशीर झाला म्हणून रात्री मशीनमधलं धुणं काढायचं राहिलं. सकाळी गणवेश पिळून इस्त्रीनं वाळवला. वाफ येत होती, कापड गरम लागत होतं, मी समजले वाळलं. संध्याकाळी तो काही बोलला नाही. रात्री अंथरुणात पडल्यावर म्हणाला, "आई, माझ्या शर्टाला वास येत होता. शेजारचा दुसऱ्या बाकावर जाऊन बसला." मी त्या रात्री झोपले नाही. ह्यांनीही ते ऐकलं होतं. दुसऱ्या रात्री मी ओटा पुसत असताना ह्यांनी बादली उचलली आणि गॅलरीत गेले. सासूबाई म्हणाल्या, समोरच्या बिल्डिंगमधून दिसतं रे. हे म्हणाले, दिसू दे. तेव्हापासून आमच्या घरचं धुणं वाळत घालायचं काम ह्यांचं आहे. चिमटे रंगावारी लावतात, मला ते बघायला आवडतं.

तेव्हा ओले कपडे रात्रभर मशीनमध्ये ठेवू नका. पावसाळ्यातला कुबट वास येतो तो याच ओलीत वाढणाऱ्या जिवाणूंचा, आणि वाळल्यावरही तो जात नाही, घाम आला की पुन्हा वर येतो. असा कपडा पुन्हा धुवायचा, सुती असेल तर कढत पाण्यात भिजवून. सुगंधी द्रव घालून वास झाकला जातो, जात नाही. सासूबाईंना शिळं धुणं का आवडत नाही, तेही यातच आलं. घामानं ओले कपडे झाकणाच्या बास्केटमध्ये पाच दिवस दाबून ठेवले की उबतात, बुरशीचे काळे ठिपके पडतात. त्यांचं म्हणणं मला पटतं. बास्केट जाळीची घ्या, आणि आंघोळीचा ओला पंचा तिच्यात कधीच नाही.

पावसाळ्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझं माहेर रत्नागिरीजवळचं. तिथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. आई कपडे आधी पडवीतल्या वलणीवर निथळायला टाकायची. पाणी गळायचं थांबलं की माजघरात चुलीच्या वरच्या वलणीवर. आमच्या शाळेच्या फ्रॉकना जुलैभर धुराचा वास असायचा. धाकट्या भावाची दुपटी शेगडीवर बांबूची टोपली उपडी घालून त्यावर पसरायची, आणि ती बाजूला बसून राहायची, कारण दोन मिनिटं लक्ष नसलं तर दुपटं करपायचं. दुपटं गालाला लावून बघायची. हाताला कोरडं लागलेलं कापड गालाला गार लागलं तर ते अजून ओलं आहे. मी आजही गणवेश असाच तपासते. त्या चौथीतल्या सकाळी घाईत तेवढं राहिलं होतं.

आपल्याकडे आता चूल नाही, पंखा आहे. कपडे वाळतात ते वाहत्या हवेनं, त्यामुळे छताच्या पंख्यापेक्षा उभा किंवा टेबलफॅन बरा. तो दांड्यांच्या एका टोकाला ठेवा, म्हणजे वारं सगळ्या कपड्यांच्या मधून जाईल. खिडकी बोटभर उघडी, नाहीतर ओल खोलीतच फिरत राहते. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर काढून कमरेकडून टांगा. जाड कपडे मशीनमधून निघाले की एकदा नुसतं पिळायचं चक्र पुन्हा चालवा, सोबत एक कोरडा टॉवेल टाका, बराच फरक पडतो. चादरी, गोधड्या उघडीप मिळेपर्यंत थांबू शकतात. मशीन काठोकाठ भरू नका, कपड्यांवर एक वीत जागा मोकळी राहिली पाहिजे. कपडे काढल्यावर झाकण उघडं ठेवा आणि आतली लोकरीसारखा गाळ साठवणारी जाळी आठवड्यातून एकदा धुवा. कुबट वास कित्येकदा तिथूनच सुरू होतो.

गणवेश दोनच असतील तर तिसरा घ्या. वाळवायच्या मशीनपेक्षा तो कितीतरी स्वस्त पडेल. ते मशीन घेऊ नका असं मी म्हणत नाही. पण त्याला जागा लागते, वीज बरीच लागते, सुती कपडे आटतात. आधी दोन महिने रोजचं एक मशीन करून बघा. मग जुलैतही अडलंच, तर खुशाल घ्या.

आणि सासूबाईंचं धुणं. त्यांना एकदम 'मशीनमध्ये टाका' म्हटलंत तर त्या नको म्हणतील. पंचवीस वर्षांची सवय आणि थोडा सोवळ्याचा भागही असेल. त्यांचे आणि बाबांचे कपडे वेगळे, त्यांच्या डोळ्यांसमोर, स्वच्छ मशीनमध्ये पहिल्यांदा लावा. वेगळं पाणी, वेगळी वेळ. रविवारची सकाळ आता मोकळी झालीच आहे, तेव्हा सुरू करा. रोजच्या एक-दोन कपड्यांसाठी मोरीत बसायला नको, बादली स्टुलावर ठेवा आणि नळाला नळी जोडून द्या, म्हणजे उभ्यानं खळबळता येईल. हे या आठवड्यातच करा, बाकीचं हळूहळू होईल.

प्रश्न : मुलाच्या पांढऱ्या शर्टावर डब्यातल्या भाजीचा पिवळा डाग पडला. साबण लावला तर तो चक्क लाल झाला! शर्ट गेला का?
— एक बाबा, नाशिक

उत्तर : नाही गेला. हळदीतला रंग साबणासारख्या अल्कधर्मी पदार्थाला लागला की लाल होतो. आपलं कुंकूही पूर्वी हळदीला चुना आणि टाकणखार लावूनच करत, तोच हा लाल. भरपूर पाण्यानं खळबळलंत की तो पुन्हा पिवळा होईल. आधी भाजीतलं तेल काढा, भांडी घासायचा द्रव साबण दोन थेंब डागावर चोळून दहा मिनिटं ठेवा आणि धुवा. मग शर्ट ओलाच, डागाची बाजू वर करून कडक उन्हात घाला. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. दोन-तीन दुपारी उन्हात राहिला की जातो. तोवर त्यावर इस्त्री फिरवू नका.

रक्त, दूध किंवा अंड्याचा डाग असेल तर गार पाणीच घ्या, गरम पाण्यानं तो पक्का बसतो.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. टॉवेल पापडासारखे कडक होतात, पांढरे कपडे करडे पडतात. पावडर वाढवली तरी तेच.
— एक वाचक, लातूर

उत्तर : पावडर वाढवली म्हणूनही तेच. जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाबरोबर साका धरतात आणि तो धाग्यात बसतो. न निघालेली जादा पावडर त्यात भर घालते. वडीचा साबण बंद करा. पाण्यात आधी मूठभर धुण्याचा सोडा विरघळवा, पाच मिनिटांनी मोजकी पावडर आणि मग कपडे. रेशीम आणि लोकरीला सोडा चालत नाही. शेवटचं खळबळणं दोनदा करा. टॉवेल वाळत घालताना जोरात झटका आणि कडकडीत उन्हात दिवसभर न ठेवता वाळले की लगेच काढा.

मृगाचे दोन-चार पाऊस होऊन गच्ची धुऊन निघाली की पन्हाळीखाली दोन बादल्या लावा. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. एक कडक झालेला टॉवेल त्या पाण्यात, पावडर न घालता, नुसता चोळून बघा. सुरुवातीला फेस येईल, ती आतली जुनी पावडर आहे. फेस थांबेपर्यंत पाणी बदलत राहा.