जुन्या जी४१ मदरबोर्डवर ४ जीबीची नवी डीडीआर३ रॅम का चालत नाही?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे: घरच्या संगणकात इंटेल जी४१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे प्रोसेसर, रॅम आणि इतर भागांना जोडणारी बोर्डावरची मुख्य चिप) मदरबोर्ड आणि कोअर २ ड्युओ प्रोसेसर आहे. त्यावर २ जीबीची जुनी डीडीआर३ रॅम व्यवस्थित चालते, पण ४ जीबीची नवी स्टिक लावली की पडदा काळा राहतो आणि नुसता बीप वाजत राहतो. तीच स्टिक शेजाऱ्यांच्या एच६१ बोर्डावर मात्र पहिल्या झटक्यात चालू होते. माहितीपुस्तिकेत 'कमाल ८ जीबी' असे छापलेले असताना असे का व्हावे, आणि दुकानदार 'बोर्ड गेला' म्हणतो ते खरे मानावे का, असे आपण विचारले आहे.

आपण दिलेल्या लक्षणांवरून बोर्ड गेलेला दिसत नाही आणि स्टिकही सदोष दिसत नाही. अडचण आहे ती स्टिकवरील प्रत्येक चिपच्या घनतेची, म्हणजे एका चिपमध्ये किती माहिती मावते त्याची, आणि ही गोष्ट खोक्यावर सहसा छापलेली नसते. ४ जीबीची साधी डेस्कटॉप रॅम दोन प्रकारे बनवता येते. एका प्रकारात २ गिगाबिटच्या (८ गिगाबिट म्हणजे १ जीबी) सोळा चिप असतात, पट्टीच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ. दुसऱ्या प्रकारात ४ गिगाबिटच्या आठच चिप असतात आणि पट्टीची एक बाजू कोरी दिसते. एकूण क्षमता दोन्हींची सारखीच. पहिला प्रकार आधी रूढ होता. मोठ्या घनतेच्या चिप स्वस्त झाल्यावर उत्पादक दुसऱ्याकडे वळले, कारण निम्म्या चिपमध्ये तेवढेच काम भागते. आज दुकानात नवी म्हणून मिळणारी ४ जीबीची स्टिक बहुतेक वेळा आठ चिपचीच असते, आणि आपली स्टिकही तशीच असणार असा माझा कयास आहे. एकदा उलटून पाहिल्यास खात्री होईल.

आता जी४१ला हा फरक का पडतो ते पाहू. चिपच्या आत माहितीचे कप्पे ओळी आणि स्तंभ अशा रचनेत असतात आणि मेमरी कंट्रोलर (रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा, या बोर्डात चिपसेटमध्येच असलेला भाग) ॲड्रेस लाइनवरून आधी ओळीचा व मग स्तंभाचा क्रमांक पाठवतो. आठ बिट रुंदीच्या, म्हणजे एका वेळी आठ बिट देणाऱ्या, २ गिगाबिट डीडीआर३ चिपमध्ये आठ बँका (कप्प्यांचे स्वतंत्र गट) असतात, ओळीच्या क्रमांकाला १५ बिट लागतात आणि स्तंभाच्या क्रमांकाला १०. त्याच रुंदीच्या ४ गिगाबिट चिपमध्ये बँका आणि स्तंभ तेवढेच राहतात, परंतु ओळी दुप्पट होतात, म्हणजे ओळीच्या क्रमांकाला १६ वा बिट लागतो. जी४१ हा २००८च्या सुमारास आलेल्या मालिकेतील चिपसेट असून त्याचा कंट्रोलर २ गिगाबिटपर्यंतच्याच चिप जाणतो. घर क्रमांकासाठी चारच रकाने असलेल्या छापील अर्जात पाच आकडी क्रमांक लिहायला सांगावे, तशी त्याची गत होते. माहितीपुस्तिकेतील ८ जीबी हा आकडा खोटा नाही. दोन स्लॉटमध्ये सोळा-सोळा चिपच्या ४ जीबीच्या दोन स्टिक लावल्या तर तेवढी रॅम होते. त्या आकड्यामागची अट मात्र पुस्तिकेत क्वचितच सापडते.

ही तऱ्हा नवी नाही. १९९८ साली आलेल्या इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटवर आठ चिपची २५६ एमबी एसडीरॅम लावली की ती १२८ एमबीच दिसत असे, आणि सोळा चिपची लावली की पूर्ण दिसत असे. कारण तो चिपसेट १२८ मेगाबिटपर्यंतच्याच चिप ओळखत होता. पुढे डीडीआरच्या काळात १ जीबीच्या 'हाय डेन्सिटी' स्टिक स्वस्तात विकल्या गेल्या. त्यांत चार बिट रुंदीच्या चिप असत आणि त्या इंटेलच्या बोर्डांवर चालत नसत. डीडीआर२मधील 'फक्त एएमडीसाठी' अशी चिठ्ठी लावलेली ४ जीबीची स्टिक याच जातकुळीतली. ती अजूनही ऑनलाइन विक्रीत सर्रास दिसते. डीडीआर२चा इंटेल बोर्ड असणाऱ्यांनी तिच्या किमतीला भुलू नये.

इंटेलच्या पुढच्या पिढ्यांबद्दलही थोडक्यात सांगतो, कारण जुना संगणक बदलताना ते उपयोगी पडेल. कोअर आय मालिकेपासून मेमरी कंट्रोलर चिपसेटमधून निघून प्रोसेसरमध्ये गेला, त्यामुळे ही मर्यादा आता प्रोसेसरची समजावी. पहिल्या पिढीच्या डेस्कटॉप आय५ आणि आय७मध्ये ती २ गिगाबिटच आहे, तेव्हा आठ चिपची ४ जीबी स्टिक तिथेही रुसू शकते. २०११ साली आलेल्या दुसऱ्या पिढीपासून ४ गिगाबिट चिप चालू लागल्या. शेजाऱ्यांचा एच६१ बोर्ड त्याच पिढीच्या प्रोसेसरांसाठी निघालेला असल्यामुळे आपली स्टिक तिथे विनातक्रार चालली.

बायोस (संगणक सुरू करणारा, बोर्डावरच साठवलेला प्रोग्राम) अद्ययावत करून काम होईल का, असेही मनात येईल. चिपची मांडणी कंट्रोलरला झेपणारी असूनही बायोसमधील प्रोग्रामला ती ठाऊक नसेल, तर नव्या बायोसने उपयोग होतो. जी४१च्या बाबतीत मर्यादा चिपसेटच्या सिलिकॉनमध्येच असल्याने बायोस ती ओलांडू शकत नाही, आणि जुन्या बोर्डावर बायोस बदलताना वीज गेली तर चालता बोर्डही हातचा जायचा. वेगाची आणि व्होल्टेजचीही काळजी नको. १३३३ किंवा १६०० वेगाची स्टिक या बोर्डावर कमी वेगाने चालते, आणि १.३५ व्होल्टची डीडीआर३एल मानकाप्रमाणे १.५ व्होल्टवरही चालते.

खरेदी करताना स्टिकवरील लेबल वाचावे. '२आरएक्स८' याचा अर्थ दोन रँक (रँक म्हणजे एकत्र काम करणाऱ्या चिपचा संच) आणि आठ बिट रुंदीच्या चिप. ४ जीबीच्या, साध्या डेस्कटॉप स्टिकवर हे अक्षर दिसले म्हणजे सोळा चिप आल्या, आणि आपल्याला हीच हवी. '१आरएक्स८' दिसले तर ती आठ चिपची, म्हणजे सोडून द्यावी. लेबल फाटलेले असेल तर चिपवरचा बारीक क्रमांक उजेडात तिरपा धरून वाचता येतो. हायनिक्सच्या चिपवर 'एच५टीक्यू२जी८३' अशी सुरुवात असेल तर त्यातील २जी म्हणजे २ गिगाबिट आणि पुढचा ८ म्हणजे रुंदी; 'एच५टीक्यू४जी८३' असेल तर ती आपल्या उपयोगाची नाही. सॅमसंगच्या चिपवर 'के४बी२जी०८' आणि 'के४बी४जी०८' असा तोच भेद दिसतो. धातूचे आवरण चढवलेल्या स्टिकमध्ये चिप झाकलेल्या असतात. तिथे लेबल स्पष्ट नसेल तर मी ती घेत नाही, मग रंग कितीही झकास असो.

पुण्यातील तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या सोळा चिपच्या स्टिक विचारल्यास मिळू शकतात. तिथे एकच सावधगिरी ठेवावी: सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड रॅमही डीडीआर३चीच असते, तिची खाचही त्याच जागी असल्याने ती स्लॉटमध्ये बसते, पण साध्या डेस्कटॉप बोर्डावर चालत नाही. लेबलवर 'पीसी३-१०६००' याच्यापुढे 'यू' असेल तर ती साधी डेस्कटॉप रॅम, 'आर' असेल तर सर्व्हरची.

खर्च कितपत करावा याविषयी माझे मत विचाराल, तर आत्ता २ जीबीची आणखी एक स्टिक घालून एकूण ४ जीबी करणे आणि उरलेल्या पैशात एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी वापरायची वेगवान डिस्क) बसवणे, यानेच या संगणकात सर्वांत जास्त फरक जाणवेल. ८ जीबीच हवी असेल तर आधी विंडोज ६४ बिट आहे ना ते पाहावे. ३२ बिट विंडोज ४ जीबीच्या पुढची रॅम वापरत नाही.

हाती असलेली स्टिक सदोष नसल्याने दुकानदार ती 'खराब माल' म्हणून परत घेणार नाही, परंतु बिल असेल तर दुसऱ्या मॉडेलशी बदलून मागण्यास हरकत नाही. तेही जमले नाही, तर शेजाऱ्यांच्या एच६१मध्ये दुसरा स्लॉट रिकामा आहे का, ते विचारून पाहावे.