अंतर एकच, मग जाण्या-येण्याच्या वेळेत फरक का?

प्रश्न : टोकियोचा नारिता विमानतळ आणि सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ यांमधील अंतर मला एके ठिकाणी ८,२२५, दुसरीकडे ५,१११, तर तिसरीकडे ४,४४१ असे आढळले. शिवाय टोकियोहून जाताना सुमारे साडेनऊ तास आणि परत येताना सुमारे अकरा तास लागतात, असे वेळापत्रकात दिसते. यातले खरे काय समजावे?

उत्तर : तिन्ही आकडे खरे आहेत. पहिला किलोमीटरचा, दुसरा मैलांचा आणि तिसरा वैमानिक वापरतात त्या सागरी मैलांचा आहे; एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

हे अंतर पृथ्वीच्या गोल पृष्ठावरून मोजलेले असते. ही दोन्ही शहरे ३६ ते ३८ अंश उत्तर अक्षांशांच्या आसपास असल्यामुळे सपाट नकाशावर सरळ पूर्वेकडे जाणारी रेघच सर्वांत जवळची वाटते. पृथ्वीगोलावर या दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरून पाहा. तो आपोआप उत्तरेकडे सरकतो, मध्यावर सुमारे ४८ अंशांपर्यंत पोहोचतो आणि तरीही अक्षांशाच्या रेषेने जाणाऱ्या वाटेपेक्षा चारशेहून अधिक किलोमीटरने आखूड भरतो.

वेळेचा हिशेब मात्र जमिनीवर होत नाही, तो हवेत होतो. मोठे प्रवासी विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते, असे आपण म्हणतो तेव्हा तो वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो, आणि ती हवा स्वतः पश्चिमेकडून पूर्वेकडे धावत असते. या जोरदार वाऱ्यांना जेट प्रवाह म्हणतात. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून ते पद्धतशीरपणे मोजले आणि आपले निष्कर्ष एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या, मोजक्याच लोकांना येणाऱ्या भाषेत प्रसिद्ध केले. इतक्या मोलाचे काम बाहेरच्या जगात फारसे वाचले गेले नाही, याची हळहळ वाटते.

समजा, वाटभर वाऱ्याचा वेग सरासरी ताशी १०० किलोमीटर आहे. वारा नसता, तर ८,२२५ किलोमीटरला ९ तास ८ मिनिटे लागली असती. पाठीशी वारा असताना ८ तास १३ मिनिटे पुरतात, तर समोरून वारा असताना १० तास १७ मिनिटे लागतात. जाताना वाचलेल्या ५५ मिनिटांच्या बदल्यात परतताना ६९ मिनिटे जास्त मोजावी लागतात, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान अधिक काळ अडकून राहते. म्हणूनच पूर्वेकडे जाताना विमाने थोडा वळसा घेऊनही जेट प्रवाह गाठतात आणि पश्चिमेकडे येताना तो टाळतात. हिवाळ्यात हे वारे अधिक जोरकस होत असल्याने फरकही वाढतो.

वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतची असते. त्यामुळे धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे यांची मिनिटे तिच्यात धरलेली असतात.

तिकिटावरच्या वेळा मात्र त्या त्या ठिकाणच्या घड्याळाच्या असतात, त्यांची थेट वजाबाकी करू नये. हिवाळ्यात टोकियो सॅन फ्रान्सिस्कोच्या १७ तास पुढे असते. म्हणून टोकियोहून संध्याकाळी पाचला निघालेले विमान साडेनऊ तास उडून त्याच तारखेच्या सकाळी साडेनऊला तेथे उतरते.