एमिटरमधला रेझिस्टर आणि सॉफ्टवेअरचा कोर्स

बडोद्याच्या दांडिया बाजारातून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीचं पत्र आहे: "कॉमन एमिटरमध्ये (एका ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरमध्ये) एमिटरच्या रेझिस्टरला समांतर बायपास कपॅसिटर नसेल तर गेन, म्हणजे सिग्नल जितक्या पट वाढतो तो आकडा, पडतो. दोन इनपुटमधला फरक वाढवणाऱ्या डिफरन्शियल ॲम्प्लिफायरमध्ये तर भला मोठा रेझिस्टर कपॅसिटरशिवायच असतो. मग गेन येतो कुठून? सर म्हणाले, सूत्र पाठ कर. आई म्हणते, जमत नसेल तर सॉफ्टवेअरचा कोर्स लाव."

अगं, जमत नसतं तर हा प्रश्नच पडला नसता! सूत्र घोकणाऱ्यांना इथे काही खटकतच नाही.

आकडे घेऊन बघ. दोन ट्रान्झिस्टर, त्यांचे एमिटर एकत्र जोडलेले आणि खाली तो एकच रेझिस्टर. दोन्ही एमिटरखाली मिळून 1 मिलिॲम्पिअर, म्हणजे प्रत्येकी अर्धा. कलेक्टरला 10-10 किलोओहम. दोन बेसमध्ये 10 मिलिव्होल्टचा फरक दिलास, की एकीकडचा करंट साधारण 0.6 होतो, दुसरीकडचा 0.4. बेरीज तीच. खालच्या रेझिस्टरमधून जाणारा करंट बदललाच नाही, तर त्याला फरकाचा पत्ता लागणार कसा? म्हणून तो गेन कापत नाही. दोन कलेक्टरमध्ये मात्र 2 व्होल्टचा फरक पडतो: गेन 200. तो देतात ट्रान्झिस्टरचा ट्रान्सकंडक्टन्स (बेसच्या व्होल्टेजमागे कलेक्टरचा करंट किती बदलतो ते) आणि कलेक्टरचा रेझिस्टर. दोन्ही बेस एकदम वर गेले, तर मात्र तोच खालचा रेझिस्टर आडवा येतो. तो 11 किलोओहमचा असेल तर एका कलेक्टरवरचा गेन अर्ध्याच्याही खाली. वायरीत शिरलेला 50 हर्ट्झचा गुणगुणाट असाच अडतो.

आता दोन बीसी 547 ट्रान्झिस्टर घेऊन ब्रेडबोर्डवर जोड. एकालाच चिमटीत धर आणि मीटर बघ. बोटांच्या उबेने दर अंश सेल्सिअसला पडणारा साधारण 2 मिलिव्होल्टचा फरक 200 पट होऊन दिसतो, आउटपुट सरकत जातं. चिपमध्ये ही जोडी शेजारी-शेजारी का बसवतात, ते तेव्हा कळेल. हा खेळ तासभर रंगला, तर ॲनालॉग तुझं क्षेत्र आहे असं मी खुशाल म्हणेन.

आईंना सांग, साणंदला मायक्रॉनचं काम चिपच्या पॅकेजिंग-टेस्टिंगचं आहे, तिथे बी.ई.वरही दार उघडू शकतं. सर्किट डिझाइनच्या नोकऱ्या मुख्यतः बेंगळुरू-हैदराबादकडे, आणि त्यासाठी एम.टेक. केलेलं बरं. गेटच्या (एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेच्या) अभ्यासक्रमात करंट मिरर आणि डिफरन्शियल ॲम्प्लिफायर आहेतच. पायथन सुट्टीत शीक, टेस्टिंगमध्ये उपयोगी पडतं. त्यासाठी शाखा सोडायची गरज नाही, आणि महागडी फी तर मुळीच भरू नकोस.