उपचाराला नेलं तर पोलीस केस होते का?

"मॅडम, त्याला तुमच्याकडे आणलं तर त्याचं नाव पोलिसांत जाईल का?" मी व्यसनाबद्दल समुपदेशन करते, आणि गांजा ओढणाऱ्या मुलांच्या आईवडिलांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. पोरगा किती ओढतो, कधीपासून ओढतो, झोपतो का, जेवतो का, हे सगळं नंतर. आधी पोलीस. या भीतीपायी घरं वर्ष-दीड वर्ष गप्प बसतात, म्हणून एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून गाव, शिक्षण वगैरे तपशील बदलले आहेत.

आई लातूरकडची. मुलगा पुण्यात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, चौघांत मिळून फ्लॅट. दिवाळीला घरी आला तेव्हा धुण्याचे कपडे काढताना सॅकच्या आतल्या कप्प्यात तिला रोलिंग पेपर, क्रशर (गांजा चुरायची डबी) आणि हिरवट चुऱ्याची पुडी सापडली. सोबत डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या बाटल्या. थेंब तिने आधीही पाहिले होते. लॅपटॉपमुळे डोळे लाल होतात असं तो सांगायचा. वडील एसटीत. त्यांनी दोन थोबाडीत ठेवून दिल्या आणि पोराशी बोलणं टाकलं. मग सूत्रं मामांच्या हाती गेली.

मामांचं म्हणणं असं की दवाखान्याची पायरीच चढायची नाही. तिथे केसपेपर निघाला की तो पोलिसांत जातो, पुढे चारित्र्य पडताळणीत दिसतो, मग सरकारी नोकरीही गेली आणि पासपोर्टही. त्यापेक्षा व्हॉट्सॲपवर जाहिरात आलेली पावडर मागवू, 'रुग्णाच्या नकळत जेवणात मिसळा' अशी, आणि जमलं तर मुलगी बघायला लागू. जबाबदारी पडली की सुधारतात पोरं!

आईने ती पावडर आठवडाभर वरणात घातली. पोराला उलट्या सुरू झाल्या तेव्हा तिने मला फोन केला. भाचीच्या शाळेतल्या बाईंकडून नंबर मिळाला होता.

पहिलं काम पावडर बंद करण्याचं. गांजाची सवय सोडवणारं मान्यताप्राप्त औषध आजघडीला नाही. डॉक्टर देतात ती झोप, बेचैनी, मनाचे आजार यांवरची औषधं. दारूसाठी डायसल्फिराम नावाची गोळी आहे, पण ती घेऊन कोणी दारू प्यायलं तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, जीवावरही बेतू शकतं. म्हणून ती माणसाला सांगून, त्याच्या संमतीनेच देतात. नकळत मिसळायच्या पुड्यांत काय असतं हे विकणाराही सांगत नाही. उलट्या थांबेनात तर पुडीसकट दवाखान्यात जा, असं मी सांगितलं. थांबल्या. शिवाय हे पोराला कळलं तर तो घरचं जेवणच सोडेल, हेही सांगितलं. (कळलंच पुढे. सहा महिने तो घरी फक्त बंद पाकिटातलं खात होता.)

आता पोलिसांचं. मी वकील नाही, पण या कामात एवढा कायदा माहीत असावाच लागतो. गांजा आणि चरस १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात. गांजा ओढणं हाही गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गांजा एक किलोपर्यंत असेल तर कायदा त्याला 'अल्प प्रमाण' मानतो, चरस शंभर ग्रॅमपर्यंत. वीस किलोपेक्षा जास्त गांजा म्हणजे व्यापारी प्रमाण, तिथे किमान दहा वर्षं. हे मुलांनाही नीट सांगायला हवं, कारण 'मी विकत नाही, सगळ्यांचे पैसे गोळा करून फक्त आणतो' म्हणणाऱ्या पोराला आपण गिऱ्हाईक आहोत असंच वाटत असतं. पोलिसांना तसं वाटेलच असं नाही.

पण याच कायद्यात कलम ६४-अ आहे, आणि ते मामांना कोणी सांगितलेलं नसतं. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा लागलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला, तर त्या गुन्ह्यासाठी खटल्यापासून त्याला संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. म्हणजे गुन्हा दाखल झाल्यावरसुद्धा उपचाराचा रस्ता उघडा आहे. इथे तर गुन्हा दाखलच नव्हता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनातून होणारे मनाचे त्रास आजारात धरले आहेत आणि रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. त्याला अपवाद आहेत: कोणाच्या जीवाला धोका असेल, कोर्टाने माहिती मागवली तर. अपघात, विषबाधा अशा प्रसंगी रुग्णालय पोलिसांना कळवतं, ते वेगळं. पण ओपीडीत बसून 'मी गांजा ओढतो' म्हटलं, तो कागद चौकीत गेला, असं होत नाही. चारित्र्य पडताळणीत पोलीस आपल्याकडच्या गुन्ह्यांची नोंद बघतात, डॉक्टरांचे केसपेपर नाही.

हे ऐकून आई रडली नाही, चिडली. "मग वर्षभर मी कोणाला घाबरत होते?" म्हणाली. तिला वर्षभर संशय होता, हे मला तेव्हा कळलं.

मुलगा आला तो वादाच्या तयारीनेच. गांजा नैसर्गिक आहे, शंकराला चालतो, सवय लागत नाही, कॅनडात लीगल आहे, आणि युनोनेसुद्धा तो धोकादायक यादीतून काढला. अशा मुलांना खोडून काढायला गेलं की ती उठून जातात, आणि यातलं बरंचसं अर्धं खरं असतं. कॅनडाने २०१८ मध्ये परवानगी दिली, खरं आहे. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सगळ्यात कडक यादीतून काढलं, तेही खरं. भारताने त्या बाजूने मत दिलं. पण दुसऱ्या यादीत तो अजून आहे, आणि इथला कायदा तोच आहे. भांगेचं तर गंमतशीर आहे. एनडीपीएसच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे; नुसती पानं त्यात येत नाहीत, म्हणून उत्तरेत भांगेची सरकारमान्य दुकानं दिसतात. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागतो, परवाना लागतो. शंकराचं म्हणशील तर धोतराही त्यालाच वाहतात, त्याची भाजी कोणी करत नाही, असं मी म्हटल्यावर तो पहिल्यांदा हसला.

सवय लागत नाही हे मात्र खोटं. ओढणाऱ्यांपैकी साधारण दहातला एक त्यात अडकतो, आणि विशीच्या आत सुरू करणाऱ्यांत हे प्रमाण वाढतं. तो बारावीनंतरच्या सुट्टीत सुरू झाला होता. आता रोज रात्री, परीक्षेच्या काळात सकाळीही. "सोडून बघ, मग बोलू," म्हटलं. चौथ्या दिवशी त्याचा मेसेज: झोप नाही, घाम, जेवण जात नाही, विचित्र स्वप्नं, रूममेटशी मारामारी होता होता राहिली. गांजा सोडल्यावरची हीच लक्षणं. एक-दोन दिवसांत सुरू होतात, पहिल्या आठवड्यात जोर करतात, दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. ती आधी सांगून ठेवली नाहीत तर पोराला वाटतं की गांजाशिवाय आपण असेच आहोत.

घरच्यांच्याही समजुती होत्याच. एकदा ओढला की वेड लागतं, आज गांजा उद्या इंजेक्शन. मुलाने तीन वर्षांत असं काही पाहिलं नव्हतं. ओढणारा एक मित्र तर कॅम्पसमधून नोकरीला लागला होता. त्यामुळे घरून येणारं सगळंच तो हसण्यावारी नेत होता. माझं स्पष्ट मत आहे की भीती घालण्यासाठी फुगवून सांगितलेल्या गोष्टींनीच खऱ्या सूचनेची किंमत घालवली.

कारण खरी सूचना या घरात होती. बोलता बोलता तो म्हणाला की हल्ली फ्लॅटमधली पोरं त्याच्याबद्दल वेगळा ग्रुप काढून बोलतात, शेजारच्या खोलीतून हसणं ऐकू येतं. मी आईला घरातल्या आजारांबद्दल विचारलं. आधी "कोणाला काही नाही." मग पुढच्या वेळी, मुलाला बाहेर पाठवून, मोठ्या दिरांबद्दल सांगितलं. विसाव्या वर्षापासून औषधं चालू, निदान स्किझोफ्रेनिया (भास आणि खोटे संशय येणारा मनाचा आजार), घरात नाव 'बाहेरचं झालंय'. पोराला वाटायचं काका विक्षिप्त आहेत. अशा आजाराचा घरात इतिहास असेल तर रोजचा गांजा, त्यातही लहान वयात सुरू केलेला, जास्त धोक्याचा ठरतो. सगळ्यांना होतं असं नाही. पण या मुलाच्या मित्राला जे पचत होतं ते याला पचेलच, असं कोणी म्हणू शकत नव्हतं. मामांच्या भाषणात पोलीस होते, इंजेक्शन होतं. काकांचं नाव कुठेच नव्हतं.

मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. काकांची गोष्ट आईनेच त्याला सांगितली, माझ्यासमोर. गांजा त्याने त्यानंतर बंद केला, कायद्याच्या भीतीने नव्हे. संशय दीड-दोन महिन्यांत मावळला, डॉक्टरांनी काही काळ औषधही दिलं होतं. गोव्याच्या ट्रिपमध्ये एकदा ओढला, परत आल्यावर आपणहून सांगितलं. आता शेवटच्या वर्षाला आहे, तपासणीला जातो. नाव कुठल्याही चौकीत गेलेलं नाही. लग्नाचा विषय मामांनी अजून सोडलेला नाही!

ज्यांच्या घरात हे चालू आहे त्यांनी १४४४६ या सरकारी नशामुक्ती हेल्पलाइनवर किंवा १४४१६ या टेलिमानसवर, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करावा. आधी नुसतं विचारलं तरी चालतं. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. प्रत्येकाला भरती व्हावं लागत नाही, या मुलाला नाही लागलं. भरतीच करायची वेळ आली तर केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतात का, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारा. 'आम्ही घरून उचलून आणतो, सहा महिने सोडत नाही' असं कोणी अभिमानाने सांगितलं, तर तिथून चहा न घेता उठा.