बुरशींचा संग्रह हाती घेणाऱ्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनी,
सप्रेम आशीर्वाद.

वनस्पतिशास्त्र विभागातील बुरशींचा जुना संग्रह महाविद्यालयाने तुझ्याकडे सोपवला आणि त्याचे डिजिटायझेशन करण्याचे ठरवले, हे वाचून मनापासून आनंद झाला. कोणता कॅमेरा घ्यावा, असे तू विचारले आहेस. त्याचे उत्तर पत्राच्या शेवटी देतो, कारण या कामात कॅमेऱ्याचा क्रम खरोखरच शेवटचा आहे.

एक उदाहरण सांगतो. 1845 पासून आयर्लंडमध्ये बटाट्याच्या करप्यामुळे जो भीषण दुष्काळ पडला, त्या काळातील आणि त्यानंतरच्या दशकांतील रोगट पाने कोणीतरी वाळवून, चिठ्ठी लावून ठेवली होती. ज्या फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स या सूक्ष्मजीवामुळे हा रोग होतो, त्याची गणना आज काटेकोरपणे बुरशींत होत नाही. पण ती पाने सांभाळली गेली ती बुरशींच्या संग्रहांतच. इंग्लंडमधील क्यू आणि जर्मनीतील म्युनिक येथील संग्रहांतल्या अशा पानांमधून मिळालेला डीएनए वाचून 2013 साली संशोधकांनी दाखवून दिले की, तोपर्यंत रोगजंतूच्या ज्या वाणाला त्या साथीसाठी जबाबदार धरले जात होते त्याहून साथीचा खरा वाण वेगळा होता. पाने वाळवणाऱ्यांना डीएनए ही गोष्टच ठाऊक नव्हती. छायाचित्रातून डीएनए निघत नाही, बीजाणूंची जाडी मोजता येत नाही आणि पानाच्या खालच्या बाजूचा तांबेरा सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येत नाही. संगणकावरील नोंद अभ्यासकाला नमुन्याच्या योग्य पाकिटापर्यंत आणून पोहोचवते. पाकीटच नष्ट झाले तर ती नोंद कोणालाही कोठेही नेणार नाही.

म्हणून प्रथम संग्रह वाचव. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने कागद आणि नमुने सादळतात, वाळवलेल्या नमुन्यांवर दुसरीच बुरशी चढते, आणि छत्रीसारख्या अळंब्या व झाडांच्या खोडांवर फळीसारख्या वाढणाऱ्या कठीण बुरशी तर सिगारेट बीटलसारखे भुंगेरे आतून पोखरून त्यांचा भुगा करतात. पाकिटाच्या तळाशी बारीक भुकटी दिसली तर ते पाकीट लगेच वेगळे काढ, प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद कर आणि उणे 20 अंश सेल्सिअसला साधारण दोन आठवडे ठेव. बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नकोस, नाहीतर हवेतील दमट बाष्प नमुन्यावरच जमेल. कपाटात आर्द्रतामापक ठेव आणि आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास राखण्याचा प्रयत्न कर. नमुन्यांना ऊन दाखवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नकोस. उन्हाने रंग उडतात आणि चिठ्ठीची शाईही फिकी होते. डांबरगोळ्यांवर विसंबणेही मला पटत नाही, कारण त्यांच्या वाफा तिथे रोज बसणाऱ्या माणसाला अपायकारक असतात. त्याहून गंभीर बाब अशी की, जुन्या काळी कीड लागू नये म्हणून अनेक ठिकाणी नमुन्यांना मर्क्युरिक क्लोराइड हे पाऱ्याचे विषारी संयुग लावत असत. तुमच्या संग्रहात तसे झाले होते की नाही हे कळेपर्यंत प्रत्येक जुने पाकीट हातमोजे घालूनच हाताळ, विद्यार्थ्यांनाही ती सवय लाव आणि खोलीच्या खिडक्या उघड्या ठेव.

आता चिठ्ठीबद्दल, आणि इथे मी थोडे सविस्तर लिहितो, कारण संग्रहांची सर्वांत मोठी हानी सुधारणेच्या उत्साहातून होते. जुनी चिठ्ठी कधीही फेकू नकोस, खोडू नकोस, तिच्यावर चिकटपट्टी लावू नकोस. समज, एका पाकिटावर द्राक्षाच्या भुरीचे नाव ओइडियम टकेरी असे आहे आणि दुसऱ्यावर अन्सिन्युला नेकेटर. ही एकाच बुरशीच्या दोन अवस्थांना दिलेली नावे आहेत. 2011 च्या मेलबर्न येथील वनस्पतिशास्त्र परिषदेत एका बुरशीला एकच नाव असावे असा नियम झाला आणि आज आपण तिला एरिसिफी नेकेटर म्हणतो. तरीही पाकिटावरचे पहिले नाव तसेच राहिले पाहिजे, कारण गोळा करणाऱ्याने प्रत्यक्षात कोणती अवस्था पाहिली होती हे त्या नावातूनच समजते. नवे नाव, ते ठरवणाऱ्याचे नाव आणि तारीख अशी वेगळी छोटी चिठ्ठी आत ठेव आणि संगणकातही दोन्ही नावे वेगवेगळ्या रकान्यांत लिही.

ठिकाणाच्या बाबतीतही हेच धोरण ठेव. एखाद्या चिठ्ठीवर ‘आंबोली, जिल्हा रत्नागिरी, 1962’ असे लिहिलेले असेल, तर ती चूक समजून सिंधुदुर्ग करू नकोस. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 साली झाला. मूळ मजकूर जसाच्या तसा एका रकान्यात आणि आजचा जिल्हा दुसऱ्या रकान्यात येऊ दे. अक्षांश-रेखांश तू नकाशावरून काढणार असशील तर त्यासोबत अनिश्चिततेची त्रिज्याही, म्हणजे खरे ठिकाण त्या बिंदूपासून किती अंतराच्या आत असेल तेही, लिही, कारण ‘आंबोली’ एवढ्याच शब्दावरून दशांश चिन्हापुढे सहा आकडे देणे म्हणजे जे कोणालाच ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचे भासवणे होय. तांबेरा, काणी आणि भुरी यांच्या नमुन्यांत आश्रयी वनस्पतीचे, म्हणजे जिच्यावर बुरशी वाढली तिचे, नाव बुरशीच्या नावाइतकेच महत्त्वाचे असते. ते चिठ्ठीवर नसेल तर पानावरून ओळखण्यासाठी फुलझाडांच्या जाणकाराची मदत घे. पण अंदाजाला अंदाज म्हणूनच नोंदव.

संगणकातील तक्त्यासाठी डार्विन कोर या जैवविविधतेच्या नोंदींच्या प्रमाणित रचनेतील रकान्यांची नावे वापर, म्हणजे पुढे जीबीआयएफसारख्या जैवविविधतेच्या जागतिक माहितीसाठ्यात माहिती देताना सगळे पुन्हा लिहावे लागणार नाही. वर्ष, महिना आणि दिवस वेगळ्या रकान्यांत भर, कारण एक्सेल तारखा परस्पर बदलते आणि क्रमांकाच्या सुरुवातीची शून्येही गाळते. पाकिटावरचा, नोंदवहीतला आणि छायाचित्राच्या फाइलचा क्रमांक एकच हवा. पाकिटावर तो पेन्सिलीने लिही. लोखंडी टाचण्या दिसतील तिथे काढून टाक, त्या आपल्या हवेत गंजतात आणि कागद खातात.

कॅमेरा कोणताही चांगला चालेल. स्थिर स्टँड, दोन्ही बाजूंनी समान प्रकाश, चौकटीत मोजपट्टी आणि रंगपट्टी, आणि चिठ्ठी वाचता येईल अशी स्पष्टता एवढे पुरे. मूळ फाइली दोन वेगळ्या ठिकाणी ठेव, त्यांपैकी एक महाविद्यालयाच्या इमारतीबाहेर.

आणखी एक काम लांबवू नकोस. एखाद्या पाकिटावर ‘टाइप’ असा शब्द आढळला, तर ज्या नमुन्यावरून नवी जाती जगापुढे मांडली गेली तोच तो नमुना असू शकतो. तो वेगळ्या कपाटात कुलपात ठेव आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील आजरेकर कवक संग्रहाला पत्र लिहून, त्याचा एखादा भाग त्यांच्याकडे आहे का, हे विचार. विभागातून निवृत्त झालेल्या प्राध्यापकांनाही लवकर भेट. चिठ्ठीवरची आद्याक्षरे कोणाची, ‘देवराई’ म्हणजे नेमकी कोणत्या गावची, हे सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत आणि त्यांच्या घरी जुन्या क्षेत्रवह्याही असू शकतात.

पहिल्या 50 पाकिटांचा तक्ता पूर्ण झाला की छायाचित्रे काढायला सुरुवात करण्यापूर्वी तो मला पाठव. त्यातल्या अडचणी पाहून रकाने बदलायचे असतील तर ते तेव्हाच बदलू.

तुझे सर