लसूण निळा पडला, बरणी फेकू का?

प्रश्न : गाजर, फ्लॉवर आणि मुळ्याचं व्हिनेगरमधलं लोणचं करून फ्रिजमध्ये ठेवलं. तिसऱ्या दिवशी लसणाच्या पाकळ्या निळ्या-हिरव्या झाल्या आणि गाजर लिबलिबीत. सासूबाई म्हणतात, तेल-मोहरी नाही ते लोणचंच नव्हे! काय चुकलं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : लसणासाठी बरणी फेकू नका. लसणातली गंधकाची द्रव्यं आंबटात अशी रंगतात. खायला काही अपाय नाही. पहिल्यांदा मीही घाबरून अख्खी बरणी मोरीत ओतली होती, त्याची हळहळ अजून आहे. मात्र बुरशी दिसली किंवा कुबट वास आला, तर खुशाल टाका.

गाजराचं दुखणं वेगळं. तुम्ही भाजी पाण्यात उकळली असणार. उकळायचं ते फक्त व्हिनेगरचं पाणी : 1 वाटी व्हिनेगर, पाऊण वाटी पाणी, दीड चमचा मीठ, 2 चमचे साखर, चार मिरी दाणे. गाजराच्या करंगळीएवढ्या कांड्या कच्च्याच बरणीत उभ्या ठासा, वरून हेच गरम पाणी ओता. भाजी पूर्ण बुडाली पाहिजे. निवलं की झाकण लावून फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी कांडी मोडून बघा, कट्‌कन आवाज यायला हवा. हे बाहेर टिकत नाही. दोन आठवड्यांत संपवा. ओला चमचा नकोच.

सासूबाईंना आमटी-भातासोबत वाढा, नाव ‘कोशिंबीर’ सांगून.